एकसारखे काप

मांसाच्या कारखान्यात बाबांना सगळे मोजपट्टी म्हणत. त्यांच्या सुरीचे काप इतके एकसारखे, की यंत्रानं लाजून रजा टाकावी. माल तपासायला त्यांचीच लेक होती. आज बाबांच्या ट्रेमध्ये काही काप जाड, काही कागदासारखे निघाले. तिनं जाड काप हळूच तळाशी सरकवले. "काय गं, बापावर पांघरूण घालतेस?" "आधीचे दोन ट्रे परत गेलेत, बाबा. आता साहेब तुम्हाला घरी बसवतील." "बसेन की. तुझ्या आईला भांडायला माणूस मिळत नाही." बाबांनी एक जाड काप उचलला. "हा आतून कच्चा राहील. कुणाच्या लेकराच्या पोटात गेला तर? लाव नापासाची चिठ्ठी." तिची चिठ्ठी चिकटेना. बाबांनी ती तिच्या हातासकट दाबली. दोघांचेही हात थरथरत होते. "गारठा फार इथं," म्हणत बाबा पुढच्या माणसासाठी सुरीला धार लावू लागले.