नववा बिघाड

“प्लग न्हाय. फ्यूज न्हाय. पेट्रोल येतंय.” कृष्णात बोटं मोजत होते. “मग ऱ्हायलं काय, सांग?”

“तुम्हीच सांगा, आबा,” संघप्रिया म्हणाली. त्यांची लेक पाटावर बसली होती. मांडीवर वही, हातात घड्याळ.

कृष्णातांनी गाडीला एक चक्कर मारली, मग खाली बसून हवेच्या फिल्टरचं झाकण काढलं. आत बोट घालून त्यांनी चिंधीचा बोळा बाहेर ओढला आणि तो झेंड्यासारखा वर धरला.

“सापडलं की! उंदरानं नेऊन घातलं बघ.”

बटण दाबलं. इंजिन धडधडलं, शेडचा पत्रा थरथरला. शेजारच्या पारूबाई पिठाने भरलेल्या हातांनीच कुंपणाशी आल्या.

“सुटली का हो बाळंतीण, भावजी?”

“सुटली! सुखरूप!” कृष्णात इंजिनाच्या आवाजाच्या वरताण ओरडले.

बिघाड क्रमांक आठ, संघप्रियाने लिहिलं. वेळ तेरा मिनिटं. शेजारचा रकाना तिने दुपारच्या जेवणानंतर भरला. भाकरी अडीच.

ही क्रूझर मोटरसायकल तिने उन्हाळ्यात शाहूवाडीच्या एका गोठ्यातून आणली होती. सहा वर्षं गाडी तिथं उभी होती. सीटच्या खळग्यात कोंबडी अंडी घालायची, टाकीत गंज खुळखुळायचा. टेम्पोतून ती अंगणात उतरवली, तेव्हा कृष्णात खुर्चीत बसले होते. बायको गेल्यापासून दोन वर्षं ते त्याच खुर्चीत होते, भिंतीकडे तोंड करून. दिवसाला अर्धी भाकरी.

त्या दिवशी ते आपणहून उठले.

“हे भंगार कुणी गळ्यात मारलं तुझ्या?”

एसटीच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. संघप्रिया मुरगूडच्या शाळेत विज्ञान शिकवायची, शनिवारी संध्याकाळच्या एसटीने कोल्हापूरला यायची आणि रविवारी परत जायची. टाकीवरून दोघांचं पहिलं भांडण झालं. ती म्हणाली, लिंबूसताच्या पाण्यात एक रात्र ठेवू. ते म्हणाले, आत नट टाकून हलवायची, शास्त्र-बिस्त्र काय न्हाय. शेवटी दोन्ही केलं. टाकी आतून चांदीसारखी निघाली आणि दोघांनीही श्रेय स्वतःकडे घेतलं.

वर्कशॉपची एक सवय कृष्णातांनी सोडली नव्हती. नट पक्का आवळला की त्यावरून गाडीच्या अंगापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते, लांबूनच दिसतं. आता गाडीभर अशा रेघा होत्या.

श्रावणात इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. कृष्णातांनी पारूबाईंच्या दारात जाऊन साखर वाटली.

पण पुढच्याच रविवारी गाडी सुरू होईना. त्याच्या पुढच्याही. एकदा प्लगची टोपी निघालेली, एकदा पेट्रोलची नळी दुमडलेली. टाकीच्या झाकणातलं हवेचं छिद्र मेणाने बुजलेलं सापडलं, तेव्हा कृष्णातांनी मधमाशांना शिव्या घातल्या. दर रविवारचा बिघाड आधीपेक्षा थोडा अवघड असायचा. संघप्रिया एकदाही वैतागली नाही. नियम एकच होता. ती नसताना गाडीला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर नोंदी बिघडतात.

“एक गोष्ट लिहून ठेव,” कृष्णात म्हणायचे. “माझी रेघ कुठं तुटल्याली न्हाय. रेघेवरचं काम हलत न्हाय.”

ते खरं होतं. आठही बिघाड रेघ नसलेल्या जागी होते.

आठव्या रविवारी ताटं उचलताना ती म्हणाली, “पुढच्या रविवारी सुरू झाली की आपण मुरगूडला जायचं, आबा. तुम्ही मागं बसायचं. मग गाडी मी तिकडंच ठेवते.”

“व्हय, व्हय. न्यायलाच पायजे,” कृष्णात लगेच म्हणाले.

“आणि शेड रिकामी झाल्यावर भावजी काय करणार?” पारूबाईंनी कुंपणावरून विचारलं. “पुन्हा खुर्ची?”

कृष्णात पाना पुसत राहिले. तो आधीच स्वच्छ होता.

नवव्या रविवारी ते तिच्या आधी उठले. दाढी केली, डोक्याला तेल लावलं, खाकी शर्ट इस्त्री करून घातला. पारूबाईंनी दोघांच्या तळहातावर दही घातलं.

“घाटात जपून हं पोरी. म्हातारं मागं हाय.”

“मुरगूडला जाताना घाट कुठाय, काकी?”

“नसू दे. जपून जा.”

संघप्रिया गाडीवर बसली. चावी फिरवली, बटण दाबलं.

काही नाही. दिवासुद्धा लागला नाही.

“उतर, उतर खाली!” कृष्णातांचा आवाज चढला. चेहरा उजळला होता. आज त्यांनी प्लग पाहिला नाही, फ्यूज पाहिला नाही, बोटं मोजली नाहीत. सरळ सीट काढली, इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातून दहा नंबरचा पाना काढला आणि आत बोट दाखवलं.

“अर्थिंगचा नट सैल! बघितलंस?”

ती वाकली. नटावरची पिवळी रेघ मधोमध तुटली होती.

“असली गाडी वाटेत दगा देती. आज मुरगूड न्हाय. सगळं वायरिंग उघडाय पायजे. पुढच्या रविवारी बसू निवांत. पारूबाई, भाकऱ्या जरा जास्त थापा!” मग लेकीकडे वळून त्यांनी विचारलं, “किती वेळ लागला गं?”

“अर्धं मिनिट, आबा.”

“बघ की! हात अजून हाय म्हाताऱ्याचा.”

संघप्रियाने वही उघडली आणि नऊ आकडा लिहिला. वरचे आठ बिघाड तिने स्वतःच्या हाताने केले होते. या नवव्याला तिने बोटही लावलं नव्हतं.