तीन ग्लास आणि सासूबाई

"बीअरच्या परीक्षेला सासूबाई?" विक्रमने अमेयला बाजूला घेऊन विचारलं.

"त्यांना इथून परस्पर सिकंदराबादला सोडायचंय. साडेपाचची गाडी आहे," अमेय म्हणाला. "मधेच घरी बरकतपुऱ्याला कुठे जाऊन येऊ?"

विक्रमने कपाळाला हात लावला. पुण्यातली चांगली नोकरी सोडून त्याने हैदराबादेत, गचीबावलीत, स्वतःची बीअर बनवून विकणारं हे ब्रूपब काढलं होतं. आणि गेल्या महिन्यात त्याच्या लाडक्या स्टाउटला, म्हणजे काळ्या बीअरला, ओल्या फडक्याचा वास मारत होता. गिऱ्हाइकांनी ग्लास परत पाठवले. बीअर बनवणारा अमेय, पण त्याला पत्ताच नव्हता. म्हणून आज ही परीक्षा. दोन ग्लास ताज्या स्टाउटचे, एक त्या बिघडलेल्या पिंपातला. रंग तोच, चव तीच, फरक फक्त वासात. अमेयने खराब ग्लास ओळखला तर नोकरी राहील, नाहीतर आजच रामराम.

आणि नेमक्या अशा वेळी उषाताई कापडी पिशवी मांडीवर घेऊन जावयाला खेटून बसल्या होत्या.

"तो एसी बंद करा बघू," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात पंधरा दिवस सर्दीनं परेशान होते मी."

विक्रमने एसी बंद करायला लावला. "काकू, तुम्ही त्या सोफ्यावर आरामात बसा ना."

"नक्को. इथंच बरं आहे."

"पाणी तरी घ्या."

"इथल्या ग्लासातलं?"

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात कुणीतरी कांदा करपवला. दालनभर धूर झाला. बार सांभाळणारी सत्यवती खोकायला लागली, विक्रमने रुमाल काढला. अमेय मात्र टेबलाकडे बघत शांत बसून होता. एकाग्रता असावी तर अशी, असं विक्रमला पहिल्यांदाच वाटलं.

"धूर जाऊ द्या आधी," उषाताईंनी हुकूम सोडला. "मग काय ते प्या."

यात दहा मिनिटं गेली. तेवढ्या वेळात उषाताईंचं सुरूच. "आमच्याकडे नैवेद्याचं चाखून बघत नाहीत. आमटीत मीठ पडलंय की नाही, मला नुसत्या वासावरून कळतं. तुमचं आपलं सगळं पिऊन बघायचं!"

यांची गाडी आत्ताच सुटली तर किती बरं होईल, असं विक्रमला मनापासून वाटलं.

सत्यवतीने तीन काळेभोर ग्लास ओळीने मांडले. "नंबर नीचे चिपका को रखी मैं, सर."

अमेयने पहिला ग्लास हलकेच फिरवला, डोळे मिटून खोल श्वास घेतला. उषाताई पिशवीत हात घालून गोळ्या शोधत होत्या. गोळ्या काही सापडेनात.

त्याने दुसरा उचलला.

"श्शी! उपासाच्या दिवशी कुठं आणून बसवलंत मला," म्हणत उषाताईंनी पदर नाकाला लावला. अमेयने त्यांच्याकडे ओशाळून पाहिलं. विक्रमला त्याची कीव आली. असली सासू असल्यावर माणूस काय डोंबल बीअर बनवणार!

तिसरा.

"किती वाजले हो?"

"साडेतीन, काकू!" विक्रम जवळजवळ ओरडलाच.

अमेयने ग्लास खाली ठेवला. "दुसरा खराब आहे."

सत्यवतीने दुसरा ग्लास उचलून तळ पाहिला. "हौ सर. येइच है."

विक्रमचा जीव भांड्यात पडला. त्याने अमेयला मिठीच मारली. एवढ्या कटकटीत ज्याला वास ओळखता येतो, त्याच्यावर आपण शंका घेतली याची त्याला लाज वाटली. उषाताईंच्याही तो पाया पडला. "माफ करा, काकू. जरा चिडचिड झाली माझी."

"चालायचंच," त्या म्हणाल्या.

दोघं निघाले आणि लिफ्टचं दार बंद झालं, तसं अमेयने कपाळावरचा घाम पुसला. उषाताईंनी रिकाम्या पिशवीची घडी घालून ती त्याच्या हातात दिली.

"चार वर्षं तुमच्या बाटल्या हुंगतेय, जावईबापू," त्या म्हणाल्या. "करोनात गेलेलं नाक आता डॉक्टरला दाखवा एकदाचं. मला पुन्हा सर्दी झाली तर काय करणार?"