दवबिंदू पस्तीस

वैशाखातल्या कीर्तनाआधी देवळाचे वाळ्याचे पडदे भिजवायचे, ही द्वारकाबाईंची चाळीस वर्षांची सेवा. आजही त्यांनी मन लावून दहा बादल्या पाणी मारलं. वास कसा दरवळला! नीळकंठबुवा उत्तररंगात आले, शब्द अडखळला आणि ते खालीच बसले. अंगावर घामाच्या धारा, कातडी मात्र तव्यासारखी तापलेली.

आरोग्यसेविका रझिया धावत आली. तिनं भिंतीवरचा हवेतल्या ओलाव्याचा आकडा पाहिला. "दवबिंदू पस्तीस! मावशी, पडदे कोणी भिजवले?"

"मीच गं. बुवांना गारवा नको का?"

"घाम वाळला तर गारवा, मावशी. पस्तीसला तो वाळतच नाही. समुद्र तापल्यापासून आपली हवा कोरडी राहिलीय कुठं? बाहेर तेहतीस आहे, तेवढ्यावर माणूस कसाबसा तगतो. वरचे दोन या पाण्यानं चढले."

द्वारकाबाईंनी पडदे ओरबाडून काढले. बाहेरची हवाही ओल्या घोंगडीसारखीच अंगावर आली. त्या बुवांचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालू लागल्या.

बुवांनी डोळे किलकिले केले. "द्वारकाबाई, फार उकडतंय हो. पडद्यांवर जरा पाणी मारा ना."

"मारते हं, बुवा," असं म्हणून द्वारकाबाई जागच्या हलल्या नाहीत.