अवकाशाचे चार नियम

चौथा नियम पोस्टकार्डावर मावेना. शालूनं टाक थांबवला आणि वरचे तीन पुन्हा वाचले. अक्षर मुंगीएवढं काढलं होतं, तरी जागा बोटभरच उरली होती.

"उपग्रह, उपग्रह काहून लिवलं चारदा?" तिचा बाप पुंजाजी खांद्यावरून वाकून म्हणाला. "अवकाश मनलं की आलंच ना त्यात."

बापाचं म्हणणं खरं होतं. शालूनं दुसरं कार्ड घेतलं, उपग्रह गाळले, आणि चारही नियम शाळेतल्या हिंदीत ऐसपैस बसले.

अवकाश सर्वांचं आहे, कोणा बड्याचा त्यावर जास्त हक्क नाही. जाणाऱ्यानं कधी जाणार, कधी परतणार याची नोंद आधी करावी. काम संपल्यावर तिथं रेंगाळू नये आणि मागं घाण ठेवू नये. एका वाटेनं एका वेळी एकानंच जावं, म्हणजे टक्कर होणार नाही.

साल त्रेसष्ट. पुंजाजी अकोल्याला दिल्ली सरकारच्या एका कचेरीत शिपाई होता. नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर, तिशी उलटून गेल्यावर त्यानं अक्षरं गिरवली. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला दिसेल ते वाचायची खोड लागते, तशी त्यालाही लागली होती. कचेरीतले बाबू भिंतीवरच्या कागदांकडे ढुंकून पाहत नसत. पुंजाजी एकही सोडत नसे.

दिल्लीहून आलेला असाच एक हिंदी कागद त्यानं चैत्रात वाचला आणि जसाच्या तसा उतरवून घरी आणला. 'अवकाश की व्यवस्था कैसी हो? नवयुवकों के सुझाव आमंत्रित हैं।' निम्मं त्याला कळलं नव्हतं. पण अवकाश कळलं होतं. त्या घरात तो शब्द मिठाच्या बरोबरीनं खपत होता.

दोन वर्षांपूर्वी रशियाचा एक माणूस पृथ्वीला वळसा घालून सुखरूप खाली आला, तेव्हापासून शालूच्या डोक्यात भुंगा शिरला होता. आज एक गेला, उद्या शंभर जातील. मग ते एकमेकांवर आदळतील त्याचं काय? मोडके तुकडे कुठं जातील? कोण उचलेल ते? आई केशरबाई कपाळाला हात लावायची. "आपल्या गल्लीतली नाली कोनी काढत नाई, अन् हे आभाळ झाडून राह्यली," असं ती नळावर सगळ्यांना सांगायची.

शालू यंदा मॅट्रिक झाली होती. तिला अमरावतीच्या कॉलेजात सायन्स घ्यायचं होतं. पण वलगावचं एक स्थळ सांगून आलं होतं, आणि ते केशरबाईच्या मनात पक्कं भरलं होतं. पुंजाजीची अवस्था इकडे आड तिकडे विहीर अशी झाली. शेवटी त्यानं निकाल दिला.

"दिल्लीनं तुह्यं आयकलं तं अमरावती. नाई आयकलं तं वलगाव."

शालूनं एका शब्दात मान्य केलं. चार नियमांवर तिचा एवढा भरवसा होता. कार्ड टाकून आल्यावर मात्र पुढं दोन महिने ती रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून बसली.

वलगावची मंडळी बैठकीचा दिवस मागत होती, त्याच आठवड्यात उत्तर आलं. पुंजाजीनं ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. 'अवकाश-व्यवस्था संबंधी आपके सुझाव विभाग को बहुत पसंद आए। वे स्वीकार कर लिए गए हैं और पहली जुलाई से लागू होंगे।'

शालूला आनंद झालाच, पण तिचं डोकं स्वस्थ बसेना. रशिया-अमेरिकेला दिल्लीचा नियम लागू कसा होईल, असं तिनं बापाला विचारलं. त्यावर त्यानं, सरकारचं सरकारला कळतं, तू तुझ्या पुस्तकांचं बघ, असं सांगून तिला गप्प केलं. आणि केशरबाई? वलगावला नकार तिनंच कळवला. पोरीनं आभाळाचे कायदे केले, हे नळावर सांगताना तिचा पदर खांद्यावर ठरत नव्हता.

दोन जुलैला प्रवेशाची तारीख होती. पुंजाजी सकाळीच शालूला ट्रंकेसकट कचेरीत घेऊन आला. रजेचा अर्ज द्यायचा आणि दोघांनी तसंच मोटार स्टँडवर जायचं, असं ठरलं होतं. तिला व्हरांड्यात बसवून तो हेडक्लार्क महादेवरावांपुढं उभा राहिला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचा अर्ज कधी परत केला नव्हता.

आज केला. दुसरा शिपाई नत्थुजी आधीच गावी गेला होता, आणि आता दोघांना एकदम जाता येणार नव्हतं. मागच्या महिन्यापर्यंत चाललं असतं, महादेवराव म्हणाले, पण कालपासून दिल्लीचा नवा हुकूम लागू झाला होता. त्यांनी कागद पुढं ओढून वाचून दाखवला: 'अवकाश पर एक समय में एक ही व्यक्ति जाए, जिससे टकराव न हो।'

पुंजाजीला ते कुठंतरी ऐकल्यासारखं वाटलं. मग कुठं ऐकलं तेही आठवलं.

"सायेब," त्यानं हळूच विचारलं, "हे अवकाश मंजे काय?"

"रजा. हिंदीत रजेले अवकाश मनतात. कोन्या तरी पोरानं सुचवलं मने दिल्लीले."

पुंजाजीनं अर्जाची घडी करून खिशात ठेवली. तो व्हरांड्यात आला, तशी शालू ट्रंकेवरून उठली. रजा मिळाली का, असं तिनं विचारलं. पुंजाजीनं वाकून ट्रंकेची कडी तिच्या हातात दिली.

"तू एकलीच जाय, पोरी," तो म्हणाला. "तुहा नियम लागू झाला."