खुर्चीची पाठ

बाबांच्या पाठदुखीने उचल खाल्ली, तेव्हा सुतार मुलाने गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून त्यांच्यासाठी खुर्ची केली. दुखणं हटेना, म्हणून वर्षभर तो खुर्चीच्या पाठीचा कल बदलत राहिला. “अहो, बाबा दोन घास खाऊन उठतात,” बायको सांगायची. “पाठ मोकळी झाली की जेवतील,” तो रंधा मारता मारता म्हणायचा. बाबा मात्र म्हणायचे, “झकास झालीय रे खुर्ची.” आज डॉक्टर म्हणाले, “पाठ ठणठणीत आहे. दुखणं पोटातून येतंय. फार उशिरा आणलंत. जेवल्यावर दुखायचं ना? पुढे वाकून बसायचे?” बाबांचे कपडे न्यायला तो घरी आला आणि खुर्चीपुढे उकिडवा बसला. बैठकीच्या पुढच्या कडेचं पॉलिश पार झिजलं होतं. पाठीवर हात फिरवला, तर पॉलिश कोरं करकरीत. बाबा तिला कधी टेकून बसलेच नव्हते.