एकट्याने बघायचं नाही

अच्युतने ‘दूरयान’चा पहिला भाग लावला आणि सोफ्यावर सरकून शरयूला जागा करून दिली, परक्या पाहुण्याला देतात तशी, जरा जास्तच.

“तुम्ही पाहिली असेल ना ही मालिका?”

“अकरा वर्षं. दर रविवारी, तुमच्याच शेजारी बसून,” त्याची बायको म्हणाली.

मालिका पुन्हा पहिल्यांदाच बघितल्यासारखी बघता यावी, म्हणून तो सोमवारी क्लिनिकमध्ये जाऊन मालिकेच्या आठवणी पुसून आला होता. फॉर्मवर ‘कुणासोबत पाहिली?’ असा एक रकाना होता. बाकीचे लोक तो कोराच ठेवत. पण जन्मभर हेडक्लार्की केलेल्या अच्युतला कोरा रकाना सहन होत नसे. त्याने बायकोचं पूर्ण नाव लिहिलं, आणि मालिकेबरोबर तीही पुसली गेली. पुसलेलं परत येत नाही, हे डॉक्टरांनी शरयूला दोनदा सांगितलं होतं.

पडद्यावर यान फुटलं आणि अच्युत दचकला. पहिल्यांदा बघतानाही इथेच दचकून त्याने तिचा हात धरला होता. आज उशी धरली.

भाग संपला. एकमेकांशिवाय पुढचा भाग बघायचा नाही, हा त्यांच्या संसारातला पहिला नियम. शरयूने रिमोट उचलला.

“राहू द्या,” तो अदबीने म्हणाला. “पुढचे मी एकटाच बघेन. तुमचं तर सगळं बघून झालंय.”