सरदाराला बर्फातच राहू द्या

ट्रक पांग्यो शहरातल्या चित्रकथा कंपनीच्या काचेच्या इमारतीला वळसा घालून दारासमोर थांबला. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर हातभर उंच अक्षरं झळकत होती : 'लेखिकाबाई, मुलगी माळ्याला द्या. सरदाराला बर्फातच राहू द्या.'

ड्रायव्हरशेजारी टाक मालसुन नावाची बाई बसली होती, गड सर करायला आल्यासारखी. खरं तर अशा ट्रकबरोबर कुणी येत नाही. चित्रकथेवर वाचक चिडले की वर्गणी काढतात, पडद्याचा ट्रक भाड्यानं घेतात, तो कंपनीभोवती फिरवतात आणि आपण घरी बसून फोनवर मजा बघतात. पण आपलं भांडण दुसऱ्याच्या हाती देणं मालसुनला जन्मात जमलं नव्हतं. अन्यांगच्या बाजारात तिचं किमचीचं, म्हणजे मुरवलेल्या तिखट भाज्यांचं, दुकान. बरणीचं झाकण उघडलं की पलीकडच्या गल्लीतला आजारी माणूस उठून भात मागतो, असं तिथले लोक शपथेवर सांगतात. तिच्या जिभेबद्दल मात्र शपथेशिवायच सांगतात.

'हिमगढीची पाहुणी' ही चित्रकथा काढत होती तिचीच मुलगी, सेबोम. एक अनाथ मुलगी, गढीचा मालक असलेला उत्तरेचा सरदार आणि बागेतला हसतमुख माळी. सरदार मुलीवर गरजायचा, 'पातळ कोट घालून हिंडतेस, मेलीस तर गढीला सुतक लागेल.' भांडण झालं की माफी मागायची नाही. नासपती सोलून तिच्या दाराशी बशी ठेवायची, बस. हजारो पोरी या बशीवर जीव टाकत. लिहीत, 'वरून दगड आहे गं, आतून लोणी.'

त्याखाली 'मुरलेला मुळा' या टोपणनावानं मालसुन लिही, 'फ्रीजमधलं लोणी ते. लावायला जाल तर पाव फाटेल.' हे उत्तर इतकं गाजलं की माळ्याच्या बाजूच्या वाचकांच्या फौजेनं मुरलेल्या मुळ्यालाच सेनापती केलं. मुळ्याचं वय कुणी विचारलं नाही. आपल्या आईनं फोनवर हवामानापलीकडे काही उघडलं असेल, हे सेबोमच्या स्वप्नातही नव्हतं.

मालसुनची खरी लढाई वेगळी होती. सेबोमचं लग्न ठरलं होतं, तेग्यू नावाच्या मुलाशी. तो घरी जेवायला आला, पुढ्यातलं सगळं मुकाट खाल्लं, वाकून नमस्कार केला आणि गेला. तोंडातून शब्द नाही. मालसुननं ओळखलं, हाच तो सरदार. पण सेबोमनं आधीच बजावलं होतं, "आई, त्याच्याबद्दल एक शब्द बोललीस तर मी घरी यायची नाही." म्हणून मालसुन एक शब्दही बोलली नाही. तिनं मुरलेल्या मुळ्याच्या नावानं वर्गणी काढून ट्रक आणला. कथेतली मुलगी माळ्याकडे गेली, तर काढणारीचेही डोळे उघडतील, असा तिचा हिशेब होता.

वाटेत वळण चुकलं म्हणून तिनं ड्रायव्हरला पार सोलून काढलं होतं. आता ती मांडीवर डबा ठेवून नासपती सोलत होती. फोडी त्याच्यापुढे सरकवून म्हणाली, "खा. उपाशीपोटी गाडी चालवतोस, म्हणून वळणं चुकतात."

"मावशी, तुमचं भांडणच बरं होतं," तो म्हणाला आणि खाऊ लागला.

तेवढ्यात इमारतीतून सेबोम बाहेर आली. शेवटचा भाग आजच द्यायचा होता, आणि तिच्याविरुद्ध कोण उठलंय ते तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तिनं ट्रकच्या खिडकीत पाहिलं आणि ती तिथंच थबकली.

"मुरलेला मुळा तू आहेस?"

मालसुन डबा आणि सुरी हातात घेऊन ऐटीत खाली उतरली. "लग्नाबद्दल मी शब्द काढलेला नाही. मी गोष्टीबद्दल बोलतेय. गोष्टीवर वाचकाचा हक्क असतो."

सेबोमनं पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. "तू तेग्यूला सरदार समजलीस?"

"नाहीतर काय. मूग गिळून बसला होता."

"तुला घाबरून, आई. एरवी त्याला गप्प करावं लागतं. तो माळी आहे."

मालसुननं मनात हिशेब जुळवला. म्हणजे इतके महिने ती जावयाच्याच बाजूनं लढत होती. ती मनात सुखावली. पण लगेच भुवया चढल्या.

"मग तो मेला सरदार कोण?"

सेबोमनं डब्यातली एक फोड उचलली. "तलवार आणि घोडा मी पदरचा घातला," ती म्हणाली. "बाकी सगळं घरचंच आहे."

मालसुननं डब्यातल्या सोललेल्या नासपतीकडे पाहिलं. ड्रायव्हर समोर बघत चावत राहिला.

"आणि शेवटी?" तिनं विचारलं. "पोरगी माळ्याबरोबर जाते ना?"

"नाही. ती गढीतच राहते." सेबोमचा आवाज बारीक झाला. "ती गेली तर त्या सरदाराला भांडायलासुद्धा कुणी उरणार नाही. तेग्यूलाही मी आज संध्याकाळी तेच सांगणार आहे."

मालसुननं सुरी पुसली. डबा मुलीच्या हातात कोंबला. पदपथावर मागे सरून तिनं तो पडदा वरपासून खालपर्यंत वाचला, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलाय. मग ट्रकमध्ये चढली, दार धाडकन ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाली,

"चल, अजून एक फेरी. आणि ही अक्षरं याहून मोठी होतात का बघ."